चाकांवरचं माहेर

आमच्या मालेगावात रात्री शांतता झाली, की जाग येते. वीज गेली, यंत्रमाग थांबले, गल्लीतली खटखट बंद पडली, की गाढ झोपलेला माणूस दचकून उठतो आणि ‘काय झालं?’ म्हणून विचारतो. मी लग्न होऊन या गावात आले, तेव्हा पहिले पंधरा दिवस त्या खटखटीपायी डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता अडतीस वर्षांनी ती थांबली की झोपमोड होते. सवयीचं असंच असतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मला अशीच रात्री अडीच वाजता जाग आली. मात्र तेव्हा मी मालेगावात नव्हते. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या अंगणात, चक्क एका मोटारीत झोपले होते. शेजारी हे घोरत होते, चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावर लेक-जावई झोपले होते आणि बाहेर दव पडल्याचाही आवाज यावा इतकी शांतता होती.

लेक ल्यों शहरात नोकरीला आहे. आम्ही महिन्यासाठी गेलो, तेव्हा तिनं सहा दिवसांसाठी एक मोटारघर भाड्यानं घेतलं. बाहेरून पाहिलं तर आपल्याकडच्या रुग्णवाहिकेची थोरली बहीण! आत मात्र दोन शेगड्या, कढईएवढं बेसिन, छोटा फ्रीज, दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी आसनं आणि कपाटाएवढ्या जागेत न्हाणीघर व संडास. साडेतीन हजार किलोपर्यंतची अशी गाडी तिकडे साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. जावई चालवत होते आणि वळण आलं की स्वयंपाकघरातली सगळी भांडी एकसुरात वाजत होती. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वळणाला उठून ती धरत होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्यामध्ये टॉवेल कोंबले. संसार करणाऱ्या बाईला हे सुचायला एक दिवस लागला, याची मला अजून लाज वाटते.

ल्योंहून उत्तरेला निघालो. बोजोलेच्या टेकड्या, क्लुनीचा भग्न मठ, मग तूर्न्यू आणि बोन. द्राक्षांची तोडणी सप्टेंबरातच उरकलेली, त्यामुळे वेलींवर फळ नव्हतं, नुसती पानं होती. पण ती पानं! हळदीच्या, केशराच्या, वीटकरी रंगाच्या ओळीच्या ओळी उतारावरून खाली आलेल्या. त्या जिल्ह्याला ‘कोत द’ओर’ म्हणतात. त्याचा अर्थच ‘सोन्याचा उतार’ असा सांगतात. कुरणांत पांढऱ्याशुभ्र शारोले गाई रवंथ करत बसलेल्या. आमच्या खिल्लार बैलाची आठवण व्हावी असा तो रंग. गावात शिरलं की दगडी चर्च, नगरपंचायतीची कचेरी आणि चौकात एक स्तंभ. त्या स्तंभावर १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात गेलेल्यांची नावं. एका गावात मी मोजलं तर एकच आडनाव चार वेळा. गाव केवढं? पन्नास-साठ उंबऱ्यांचं. त्या घरात त्या चार वर्षांत काय झालं असेल, या विचारानं मला पुढची चार-पाच गावं नीट दिसलीच नाहीत.

आणि माणसं? दुपारी दोन वाजता गावातून चालावं, तर कुत्रंही भुंकत नाही. खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद. दुकान बंद. लेक म्हणाली, काही गावांत आता फिरती गाडी येऊन पाव देऊन जाते. फ्रान्समध्ये २०१० साली सुमारे चार लाख नव्वद हजार शेती-घटक होते, २०२० च्या गणनेत ते सुमारे तीन लाख नव्वद हजारांवर आले. दहा वर्षांत एक लाख चुली शेतीतून उठल्या म्हणायच्या. सुंदर असणं आणि नांदतं असणं यांतला फरक तिथं डोळ्यांना दिसतो.

पण या ओसाडीवर तिथल्या लोकांनी एक झकास तोड काढली आहे. १९९३ पासून तिकडे ‘फ्रान्स पासियों’ नावाची एक व्यवस्था चालते. वर्षाची वर्गणी भरली की एक यादी मिळते आणि त्या यादीतले शेतकरी, द्राक्षवाले, चीज करणारे तुम्हाला एक दिवस आपल्या अंगणात गाडी फुकट उभी करू देतात. अट एकच, तुमच्या गाडीत तुमचा संडास हवा. आलात की राम राम करायचा, निघताना निरोप घ्यायचा. खरेदी करण्याची सक्ती नाही. आम्ही वाइनच्या वाटेला न जाता मधाची बाटली घेतली, तर तो बागायतदार पोट धरून हसला. ‘आमच्याकडेही द्राक्षं आहेत, आणि वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड आणि नंतर फळछाटणी,’ असं ह्यांनी सांगितलं, तेव्हा मात्र त्याचं हसू थांबलं. त्याच्या वेली हिवाळ्यात झोपतात आणि वर्षातून एकदाच त्यांची छाटणी होते. ‘मग तुमच्या वेली झोपतात कधी?’ असं त्यानं विचारलं. ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच अंगणात आमच्या शेजारी आणखी एक मोटारघर उभं होतं. साठी-पासष्टीचं जोडपं आणि त्यांच्याबरोबर नव्वदीला टेकलेली आई. म्हातारी खुर्ची टाकून उन्हात बसलेली, गुडघ्यांवर शाल. लेकीनं बोलतं केलं, तेव्हा कळलं की तिचं माहेर याच गावचं. लहानपणी ती याच उतारावर द्राक्षं तोडायला जायची. घर आता परक्यांकडे गेलं, ते उन्हाळ्यात येऊन राहतात. हॉटेलात राहायचं तर जिने चढवत नाहीत आणि न्हाणीघरात पाय घसरतो. म्हणून मुलगा वर्षातून एकदा गाडी भाड्यानं घेतो आणि तिला फिरवतो. ती गाडीच्या आतल्या त्या अरुंद दाराकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. लेक हसली आणि तिनं आम्हाला सांगितलं, ‘आजी म्हणते, हे दार माझ्या पासपोर्टपेक्षा महत्त्वाचं आहे.’

मला अडीच वाजता जाग आली ती त्याच रात्री. मग झोप लागली नाही. डोळ्यांपुढे आमची माय येत होती.

माय म्हणजे माझ्या सासूबाई. घरात सगळे त्यांना माय म्हणतात, मीही म्हणते. तेव्हा वय चौऱ्याऐंशी. कान तल्लख, जीभ त्याहून तल्लख, फक्त गुडघे गेलेले. माहेर मुल्हेरचं. सटाणा तालुक्यातलं, मोसम नदीच्या वरच्या अंगाचं हे गाव. आमच्या मालेगावातून वाहते तीच मोसम, पण आमच्याकडे येईपर्यंत तिची जी दशा होते ती सांगण्यासारखी नाही. मायना मात्र मोसम म्हटलं की मुल्हेरचं पाणी दिसतं. भाऊ नाशिकला गेले, घर विकलं, आणि माहेराचा धागा तुटला. त्या धाग्याच्या टोकाला एक रात्र होती, कोजागिरीची. मुल्हेरच्या उद्धव महाराजांच्या समाधिमंदिरात कोजागिरीला रासक्रीडेचा उत्सव होतो, शेकडो वर्षांचा. माय दरवर्षी दूध आटवताना त्याचं वर्णन करायच्या आणि शेवटी म्हणायच्या, ‘आते काय, मुल्हेरले जावानं का कोठे!’ म्हणजे, आता कुठलं मुल्हेरला जाणं! पंचेचाळीस वर्षं त्यांनी तो रास पाहिला नव्हता.

दोन तासांचा रस्ता, आणि पंचेचाळीस वर्षं! वाचकांना नवल वाटेल. पण ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना वाटणार नाही. उत्सव रात्रभराचा. मध्येच आडवं व्हावंसं वाटलं तर कुठे? आणि खरा प्रश्न तर कुणी तोंडानं बोलत नाही, पण सांगते. माय उकिडव्या बसू शकत नाहीत. घरी कमोड आहे. नातेवाइकांकडे लग्नाला न्यायचं, तर त्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करतात. एकदा अशाच एका लग्नातून घरी आल्यावर चक्कर येऊन पडल्या. तेव्हापासून ‘मला कुठे नेऊ नका’ हे ठरलं. आम्हीही सोयीस्करपणे मान्य केलं. मायना कुठे जायला आवडत नाही, असं आम्ही लोकांना सांगायला लागलो. त्यांना आवडत नव्हतं की जमत नव्हतं, हे विचारायला मला फ्रान्सला जावं लागलं!

आल्यावर मी विषय काढला. ह्यांचं पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करण्याचं दुकान होतं, आता मुलगा पाहतो. त्यामुळे त्यांचं डोकं लगेच तारा जोडू लागलं. पण गाडीचं काय? महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यात अशा गाड्यांसाठी पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेले तळ करायची कल्पना आहे. आमच्या वाटेवर मात्र तसा तळ कुठे लागला नाही. आणि तयार मोटारघराचं भाडं ऐकून मायच म्हणाल्या असत्या, की त्यापेक्षा मुल्हेरचं घर परत विकत घ्या. आपल्या गाडीच्या सांगाड्यात परस्पर फेरफार करणं कायद्यात बसत नाही. म्हणून ठरलं, सगळं सुटं न्यायचं. गल्लीतल्या एका गृहस्थांची सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. मालक तेच, चालक तेच. सगळी गल्ली त्यांना मामू म्हणते. शेवटच्या ओळीच्या आसनांवर प्लायवुडची फळी टाकून वर गादी घातली. पाच किलोचा गॅस सिलिंडर, एक शेगडी, पाण्याचे चार जार. औषधांच्या दुकानातून घडीची कमोड खुर्ची आणली, खाली झाकणाची बादली. आणि आडोशाला कपडे बदलायचा एक उभा तंबू मुलानं मागवून दिला. मामूंनी सगळ्या सामानावर नजर फिरवली, खुर्चीकडे पाहून क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘भाभी, ये तो असली चीज है. मेरी अम्मी को भी इसी वजह से कहीं नहीं ले जा पाता.’

नणंदेचा फोन आला. ‘या वयात गावोगाव फिरवताय, काही झालं तर?’ प्रश्न चुकीचा नव्हता. डॉक्टरांनी गोळ्यांची पुडकी बांधून दिली आणि ‘पाणी पाजत राहा’ एवढंच सांगितलं. नेमकं तेच तर साधायचं होतं!

२०२४ ची कोजागिरी १६ ऑक्टोबरला, बुधवारी होती. सकाळी निघालो. अजंग-वडेल, वडनेर-खाकुर्डी करत नामपूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मक्याची कणसं वाळत टाकलेली, बाजरी कापून झालेली, कुठे लाल कांदा उभा, कुठे उन्हाळ कांद्याच्या रोपांसाठी वाफे तयार होत होते. आणि डाळिंबाच्या बागा! ऑक्टोबरच्या उन्हानं फळ भाजू नये म्हणून आमच्याकडे झाडांवर जुन्या साड्या टाकतात. निळ्या, जांभळ्या, फुलाफुलांच्या साड्या नेसून झाडं ओळीनं उभी होती. माय खिडकीतून पाहत म्हणाल्या, ‘बर्गंडी-फिर्गंडी सांगत होतीस, असं होतं का तिथं?’ नव्हतं, हे मला कबूल करावं लागलं. काही द्राक्षबागांवर प्लास्टिकचं आच्छादन होतं. बागलाणातली द्राक्षं हंगामाच्या आधी बाजारात येतात, ‘अर्ली’ म्हणतात त्यांना. भाव चांगला, पण परतीचा पाऊस डोक्यावर टांगलेला. त्या फ्रेंच माणसाच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सुचलं. आमच्या वेली झोपत नाहीत, आणि मालकही झोपत नाही.

जायखेड्याच्या अलीकडे हे एका बांधाऱ्यापाशी थांबले. मोसमच्या खोऱ्यात पूर्वापार फडपद्धत होती. नदीला दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्यानं ठरल्या पाळीनं द्यायचं. मायचे वडील पाणीवाटपावरून भांडायला कसे जायचे आणि त्याच माणसाच्या पंक्तीला संध्याकाळी कसे बसायचे, ते त्यांनी मामूंना सविस्तर ऐकवलं. मुख्य म्हणजे तोवर त्यांनी दोन तांबे पाणी प्यालं होतं. एकदा थांबून तंबू उभारला, खुर्ची मांडली, सगळं बिनबोभाट झालं. अंतापूरजवळच्या डोंगरावर दावल मलिक बाबांचा दर्गा आहे, दोन्ही समाजांची माणसं तिथं जातात. मामूंनी खालूनच सलाम केला, मायनी खालूनच हात जोडले, आणि आम्ही मुल्हेरकडे निघालो.

गाडी कुठे उभी करायची हे ठरलेलंच होतं. ह्यांच्या दुकानाचे एक जुने गिऱ्हाईक मुल्हेरच्या वेशीवर राहतात. त्यांना फोन केला होता, ‘फक्त अंगणात गाडी लावू द्या, बाकी आमचं आम्ही पाहू.’ त्यांना ही विनंती कळलीच नाही. अंगणात गाडी लावणारा पाहुणा घरात का येणार नाही? त्यांच्या मंडळींनी तीनदा विचारलं, ‘आमचं काही चुकलं का?’ शेवटी मी खुर्ची दाखवली. त्यांनी ती नीट निरखून पाहिली, आणि ओसरीवर बसलेल्या आपल्या सासूकडे एकदा पाहिलं. पुन्हा काही विचारलं नाही. जेवण मात्र ‘जेवीसनच जा’ म्हणत त्यांच्याच घरात झालं. माझी शेगडी तीन दिवसांत फक्त चहापुरती पेटली.

मुल्हेर आज पाहिलं तर मोठ्या खेड्यासारखं गाव. पण कधीकाळी ही बागुल राजांची राजधानी. सुरतेकडून दख्खनेत येणारा माल याच खोऱ्यातून जायचा. १५९६ मध्ये रुद्रकवीनं इथल्याच दरबारात ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हे संस्कृत काव्य रचलं. १६३८ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत बागलाण मोगलांकडे गेलं आणि राजांचा बागलाण संपला. मागे मुल्हेरगड, त्याच्या दोन अंगांना मोरा आणि हरगड. राजे गेले, कवी गेला, आणि कोजागिरीची रात्र मात्र राहिली.

दुपारपासून मंदिरात रासचक्राची तयारी चालली होती. बांबूचं मोठं चक्र, त्याला केळीची पानं, झेंडूच्या माळा. सूर्य मावळला तसं माणसांनी जयघोष करत ते खांबावर चढवलं. मायना आम्ही खुर्चीवर बसवून, चौघांनी खुर्ची धरून आत नेलं होतं. (बसायची खुर्ची वेगळी होती, हे सांगून ठेवते!) लहान मुलं राधा-कृष्ण-गोपी होऊन आली आणि पदं सुरू झाली. काही मराठी, काही व्रजाच्या वळणाची, काही गुजरातीकडे झुकलेली. ज्या गावावरून सुरतेची वाट जात होती, तिथली गाणी अशीच असणार. माय पहिल्या पदाला गप्प होत्या. दुसऱ्याला ओठ हलायला लागले. चौथ्या-पाचव्या पदाला त्या मोठ्यानं म्हणत होत्या आणि शेजारच्या पोरीनं चुकीचा शब्द घेतला म्हणून तिला टोकतही होत्या! पलीकडे एक तितकीच म्हातारी बसली होती. ती वाकून म्हणाली, ‘तू कोनी पोर शे वं?’ कुणाची मुलगी गं तू? पंच्याऐंशीला आलेल्या बाईला कुणी तरी ‘पोर’ म्हटलं. मायनी वडिलांचं नाव सांगितलं, आणि म्हणाल्या, ‘मी आठलीच शे.’ मी इथलीच.

रात्री दोनच्या सुमारास त्या मला म्हणाल्या, ‘गाडीकडे चल.’ मामूंनी गाडी मंदिराजवळच्या मोकळ्या जागेत आणून ठेवली होती. तंबू उभा केला, मायना खुर्चीवर बसवलं, आणि त्याच घटकेला वारा सुटला. चंद्र ढगात गेला, चार टपोरे थेंब पडले आणि तो शहाणा तंबू उचलून नाल्याच्या दिशेनं चालता झाला! हे त्याच्यामागे धावले. मी मायपुढे हात पसरून उभी राहिले. माझे हात ते केवढे! रासाला येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची वाट तिथूनच होती. मला वाटलं, आता या पुन्हा कधीही घराबाहेर पडणार नाहीत. संपलं.

तीन बायका जात होत्या. ओळख ना देख. एकीनं पाहिलं, काही बोलली नाही. खांद्यावरची चादर काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरीनं शाल धरली. तिसरीच्या पिशवीत नवी घडीची साडी होती, तिनं ती उलगडली. आम्ही चौघी मायच्या भोवती पाठ करून उभ्या राहिलो. वारा साडीत भरत होता, मंदिरातून पदं ऐकू येत होती आणि साडीआडून मायचा आवाज आला, ‘अगं, ती साडी कोरी आहे ना? खराब होईल. खाली लोळू देऊ नका.’ त्या तिघींपैकी एक हसायला लागली, मग दुसरी, मग आतून माय हसल्या. मीही हसत होते, पण माझा चेहरा ओला होता. पाऊस चारच थेंब पडला होता, तेव्हा तो पावसानं ओला झाला असं म्हणता येणार नाही.

पहाटे चक्र उतरेपर्यंत माय जाग्या होत्या.

सकाळी घर पाहायला गेलो. तिथं आता सिमेंटची दुमजली इमारत आहे. मालकांनी आत बोलावलं, चहा ठेवला. मायनी आत यायला नकार दिला. जुन्या घराच्या जोत्याचे दोन काळे दगड पायरीला वापरले आहेत, त्यावर त्या बसल्या. चहा तिथंच घेतला. मी वाट पाहत होते, की त्या आता रडतील, काही आठवण सांगतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘संडास घरातच बांधलाय का यांनी? बरं केलं. आम्ही नदीकडे जायचो अंधारात.’ मग आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी हरणबारी धरण आणि पुढे साल्हेरच्या पायथ्यापर्यंत गेलो. साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेला इथं उघड्या मैदानात हरवलं. सूर्याजी काकडे इथंच पडले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी वास्तूंमधल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात साल्हेर आहे. ती बातमी मी वाचून दाखवली, तेव्हा माय म्हणाल्या, ‘मी पाहून आले त्यानंतर सुचलं त्यांना.’ त्या दिवशी त्यांनी गडाकडे गाडीच्या खिडकीतून, गादीवर आडव्या पडून पाहिलं. गड चढून पाहणारे पुष्कळ असतात, आडवं पडून पाहणाऱ्या त्या पहिल्याच असाव्यात. वाटेत एक गाडीलोहाराचा तळ लागला. बैलगाडीतच संसार, भात्याजवळ पोरं. त्यांच्यातली एक बाई आमच्या गाडीत डोकावली, गादी, शेगडी, पाण्याचे जार पाहिले आणि विचारलं, ‘तुमचंबी घर नाही का?’ मला पटकन उत्तर देता आलं नाही.

परतताना सटाण्याला यशवंतराव महाराजांचं दर्शन घेतलं. १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडणारा हा मामलेदार. सरकारी अधिकाऱ्याचं देऊळ बांधलेलं जगात आणखी कुठे असेल, मला शंका आहे. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरलाच लागली होती, त्यामुळे पुढे एका नाक्यावर तपासणी पथकानं गाडी अडवली. तरुण पोर होता. मागे चढला, गादीखाली पाहिलं आणि चादरीनं झाकलेल्या त्या उंच वस्तूवर काठी टेकवून विचारलं, ‘यात काय आहे?’ माय पडल्या पडल्या म्हणाल्या, ‘उघडून पाहा की बाळा.’ त्यानं चादर उचलली आणि तितक्याच वेगानं परत टाकली. ‘जाऊ द्या, जाऊ द्या,’ म्हणत उतरला. मामू सटाणा रोडवर दोन किलोमीटर हसत होते.

पण त्या चादरीखाली खुर्ची एकच होती, ती बसायची. कमोडची खुर्ची मुल्हेरच्या अंगणातून निघताना पाहुणचाराच्या गडबडीत राहिली होती. चादरीखाली होती ती नुसती झाकणाची बादली, खुर्चीवर ठेवलेली. घरी आल्यावर हे लक्षात आलं. दोन दिवसांनी मुल्हेरहून त्यांच्या मंडळींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या, डाळिंबाचं बोलल्या, आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, ‘ताई, तुमची ती खुर्ची इथं राहिलीय. आमच्या आत्याबाईंनी दोन दिवस वापरली. पाठवून देऊ का?’

मी मायकडे पाहिलं. त्यांना फोनमधलं सगळं ऐकू आलं होतं. कान तल्लख आहेत, म्हटलं ना.

‘ऱ्हाऊ दे म्हणा,’ त्या म्हणाल्या, ‘पुढच्या कोजागिरीला मला तिथं लागेलच.’